सोबतच्या विद्यार्थ्यानं परीक्षेत कॉपी केली, तर सांगावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात पदवीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. बावीस वर्षांत सुपरव्हायझर, वरिष्ठ पर्यवेक्षक, भरारी पथक, कॉलेजची परीक्षा समिती, सगळीकडे काम केलं. परीक्षेचा हंगाम आला की स्टाफरूमच्या दारात कुणीतरी घुटमळतं. "मॅडम, एक विचारायचं होतं," म्हणतं आणि दार लोटून घेतं. दार लोटलं की पुढचा प्रश्न मला कळतो. तेच प्रश्न इथे घेतले आहेत, मुलं जशी विचारतात तसेच.

शेजारच्या बाकावरची मुलगी कॉपी करताना दिसली. मी सांगायलाच हवं का?

आधी एक ओझं उतरवून ठेवा. कॉपी पकडणं हे तुमचं काम नाही, सुपरव्हायझरचं आहे. तुम्ही तिथे तुमचा पेपर लिहायला बसलेले असता. "मी बघितलं आणि गप्प बसले, म्हणजे मीही तिच्याइतकीच दोषी," असं म्हणत रात्र-रात्र जागणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तसं नसतं.

तरीही माझं मत विचाराल तर सांगावं, आणि जितक्या लवकर सांगता येईल तितक्या लवकर सांगावं. उशीर झाला की सगळ्यांचंच नुकसान वाढतं, जिनं कॉपी केली तिचं सर्वांत जास्त. आदल्या रात्री रूमवर कुणी तिला टोकलं तर तिचं काहीच जात नाही, चिठ्ठी फाडून टाकली की विषय संपला. हॉलमध्ये पेपर सुरू होण्याआधी कळलं तरी निभावतं. पेपर चालू असताना सापडली तर कॉपी केस होते. आणि दोन महिन्यांनी तक्रार गेली तर निकाल राखून ठेवला जातो, घरी पत्र जातं, चौकशीला कोल्हापूरच्या विद्यापीठापर्यंत हेलपाटे होतात. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं या शेवटच्या टप्प्यावर येतात. "कधी कळलं होतं?" असं विचारलं की खाली बघून म्हणतात, "आदल्या दिवशीच, मॅडम."

एका वर्षी भरारी पथकात असताना एका मुलाच्या मुठीत चिठ्ठी सापडली. बोटभर रुंदीची, पंख्यासारख्या घड्या घातलेली, जेल पेननं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेली. घामानं शाई सुटली होती. त्यानं मूठ उघडली तेव्हा तळहातावर 'घसारा' हा शब्द उलटा उमटलेला मला वाचता आला. चिठ्ठीवरचा एकही प्रश्न त्या दिवशीच्या पेपरात नव्हता. तरी केस झाली, कारण जवळ साहित्य बाळगणं हाच गैरप्रकार धरतात, त्यातून लिहिलं की नाही हा पुढचा मुद्दा. नंतर त्याचा रूम पार्टनर मला भेटला. रात्री साडेअकरापर्यंत तो चिठ्ठी लिहीत बसला होता आणि हा समोरच्या कॉटवर जागा होता. "नको रे, असं म्हणणार होतो. म्हटलं, कशाला वाईटपणा घ्यायचा." ते 'नको रे' त्या रात्री तोंडातून निघालं असतं, तर एका मुलाची परीक्षा वाचली असती.

म्हणजे कोणी मान वाकडी केली तरी सांगायचं?

नाही. एखाद्यानं मागे वळून "कितवा प्रश्न चाललाय?" विचारलं, एक आकडा विचारला, एवढ्यासाठी अर्ज लिहू नये. सुपरव्हायझरनं एकदा डोळे वटारले की तो विषय मिटतो. मी बोलते आहे ते ठरवून केलेल्या कॉपीबद्दल: चिठ्ठी, मोबाईल, कानातलं यंत्र, बदललेली उत्तरपत्रिका, दुसऱ्याच्या जागी बसलेला माणूस.

ही चुगली नाही का? अख्खा वर्ग चुगलखोर म्हणेल.

म्हणेल. काही दिवस म्हणेलच, तुम्हाला खोटा दिलासा देत नाही.

चुगली करणारा तिखटमीठ लावतो, पाठीमागून बोलतो आणि त्यात त्याचं काहीतरी साधायचं असतं. तक्रार करणारा जबाबदार माणसाकडे जातो आणि दिसलं तेवढंच सांगतो. माझी एक साधी कसोटी आहे. जे वाक्य तुम्ही मला सांगणार आहात, तेच तिच्या समोर उभं राहून, तिच्या डोळ्यात बघून म्हणता येईल का? येत असेल तर ती चुगली नाही. 'तिचं नेहमीचंच आहे', 'तिच्या घरचे सगळे असलेच' अशी वाक्यं तिच्या समोर म्हणवत नाहीत. ती अर्जातही नकोत.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. जिल्हा लहान आहे. कोरेगावची मुलगी, तिची आत्या तुमच्या गल्लीत दिलेली, तिचा भाऊ तुमच्या भावाबरोबर क्रिकेट खेळतो. पाण्यात राहून माशाशी वैर कसं घ्यायचं, हा प्रश्न मुलांना पडतो तो पुस्तकी नसतो. म्हणूनच मी आधी बोला म्हणते आणि अर्जाचं नंतर बघा म्हणते.

मैत्रीणच आहे. थेट मॅडमकडे जाऊ की आधी तिच्याशी बोलू?

पेपर व्हायचा असेल तर आधी तिच्याशी, तेही एकटीला गाठून. मेसच्या टेबलावर चौघींसमोर नको आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो आणि आवाजातली काळजी त्यात उतरत नाही.

काय बोलायचं हेही मुली विचारतात. लांबण लावू नका. "तू चिठ्ठी केलीस ते मी बघितलं. नेऊ नकोस. सापडलीस तर सगळं जाईल. आत्ता दोन तास आहेत, कोणता धडा राहिलाय सांग, आपण बसू." यातलं शेवटचं वाक्य सोडू नका. नुसतं 'नको' म्हणून झोपायला गेलात तर तिच्या हातात चिठ्ठीशिवाय काही उरत नाही. पास होण्यापुरती दोन प्रकरणं एका रात्रीत डोक्यात बसतात, हे बावीस वर्षं शिकवून सांगते.

तिनं ऐकलं नाही तर? तुम्ही तुमच्या बाजूनं सांगून झालेलं असतं. "हॉलमध्ये दिसलं तर मी हात वर करीन," हे तिला आधी सांगता येत असेल तर सांगा. ते प्रामाणिकपणाचं आहे, आणि खरं सांगायचं तर एवढ्यावरच निम्म्या चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात जातात.

पेपर होऊन गेला असेल तर तिला कबूल करायला लावण्याच्या मागे लागू नका. फार झालं तर "पुढच्या पेपरला असं करू नकोस, मला त्याचा त्रास होतो" एवढंच म्हणा. चौकशी करणं तुमच्याकडे नाही.

पेपर चालू असतानाच दिसलं तर नेमकं काय करायचं?

हात वर करा. सुपरव्हायझर जवळ आले की पुरवणी मागावी तितक्या हळू आवाजात "सर, जरा आमच्या रांगेकडे लक्ष द्याल का" एवढंच म्हणा. नाव घ्यायची, बोट दाखवायची गरज नाही. अनुभवी सुपरव्हायझरला तेवढं पुरतं. तो चार पावलं मागे जाऊन उभा राहतो आणि तुमचं काम संपतं.

मग स्वतःच्या पेपरात मान घाला. हे मुद्दाम सांगते, कारण शेजारी काय चाललंय ते बघता बघता स्वतःचा वीस मार्कांचा प्रश्न सोडून आलेली मुलगी मला माहीत आहे. उठून उभं राहणं, ओरडणं, तिचा कागद ओढणं यातलं काहीही करू नका. तिचा कागद तुमच्या हातात सापडला तर केस तुमच्यावरही होऊ शकते.

सुपरव्हायझरनं दुर्लक्ष केलं तर पेपर संपल्यावर केंद्रावरच्या वरिष्ठ पर्यवेक्षकांना किंवा केंद्रसंचालकांना लगेच भेटा. बैठक व्यवस्थेचा तक्ता तेव्हा भिंतीवर असतो, उत्तरपत्रिका अजून बंद झालेल्या नसतात. त्याच दिवशी सांगितलेल्या गोष्टीला वजन असतं.

पेपर संपून गेला. आता कुणाकडे जायचं आणि काय लिहायचं?

परीक्षा कोणाची, त्यावर आहे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल (सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे त्याच्याकडे येतात) तर आधी प्राचार्य, आणि तिथे दाद लागली नाही तर विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. कॉलेज स्वायत्त असेल तर त्यांचे स्वतःचे परीक्षा नियंत्रक असतात. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे, त्याच्या घटक महाविद्यालयांची परीक्षा व्यवस्था त्यांची त्यांची. दहावी-बारावीसाठी केंद्रसंचालक, मग जिल्हा परिषदेतले माध्यमिक शिक्षणाधिकारी, आणि त्यांच्यावर राज्य मंडळाचं कोल्हापूर विभागीय कार्यालय.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. मुलांना मी साधारण असा नमुना देते:

"मी बी. कॉम. भाग दोनची विद्यार्थिनी आहे. अमुक तारखेला सकाळच्या सत्रात हॉल क्रमांक ७ मध्ये माझ्या डावीकडच्या बाकावरील विद्यार्थिनी साधारण साडेअकराच्या सुमारास कंपासपेटीतून छापील कागद काढून त्यात बघून लिहीत असल्याचे मी पाहिले. कागदावर काय होते ते मला दिसले नाही. हे मी स्वतः पाहिलेले आहे. माझे नाव गोपनीय ठेवावे, ही विनंती."

यातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे 'कागदावर काय होते ते मला दिसले नाही'. जे दिसलं नाही ते कबूल करणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर समिती विश्वास ठेवते. ऐकीव गोष्ट घालू नका. घालायचीच असेल तर 'मला असे सांगण्यात आले' म्हणून वेगळी लिहा.

फोटो काढून ठेवू का? पुरावा म्हणून?

नाही, अजिबात नाही. परीक्षा हॉलमध्ये मोबाईल जवळ असणं हाच गैरप्रकार आहे. तिचा फोटो काढायला तुम्ही मोबाईल बाहेर काढलात तर पहिली केस तुमची. रूमवर चिठ्ठी लिहितानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर त्याहून वाईट. त्यानं तक्रार होत नाही, एका मुलीची चारचौघांत अब्रू जाते. पुरावा गोळा करणं केंद्राचं आणि समितीचं काम आहे. उत्तरपत्रिका, बैठक तक्ता, सुपरव्हायझरचा अहवाल, असेल तर सीसीटीव्ही हे सगळं त्यांच्याकडे असतं.

माझं नाव फुटेल का? निनावी अर्ज टाकला तर?

या प्रश्नाचं उत्तर मी एका मुलीच्या वाट्याला आलेल्या त्रासातून शिकले. त्यात चूक माझी होती.

तेव्हा मी जिथे होते त्या ठिकाणाचं नाव घेत नाही. एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, अर्ज कुठे देऊ?" मी सहज म्हणाले, "ऑफिसात आवक खिडकीवर दे, पोच घे." तिनं तसंच केलं. आवक रजिस्टरला तिचं नाव आणि विषयाच्या रकान्यात 'कॉपीबाबत तक्रार' असं निळ्या शाईत लिहिलं गेलं. दुपारच्या चहापर्यंत ते कँटीनला पोचलं होतं. पुढचं अख्खं सत्र ती वर्गात पहिल्या बाकावर एकटी बसायची. डबाही एकटीच खायची. तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून मुलांना सांगते: अर्ज बंद पाकिटात घाला, वर 'गोपनीय' लिहा, आणि तो प्राचार्यांच्या किंवा परीक्षाप्रमुखांच्या हातातच द्या. पोच हवी असेल तर 'बंद पाकीट मिळाले' एवढीच घ्या. सोबत एखाद्या विश्वासाच्या शिक्षकाला न्या.

निनावी अर्जाला बऱ्याच ठिकाणी केराची टोपली दाखवतात, कारण उलट विचारायला समोर कोणी नसतं. तरी निनावी चिठ्ठी अगदीच वाया जाते असं नाही. 'हॉल ७ मध्ये सकाळच्या सत्रात चिठ्ठ्या चालतात' एवढं कळलं तरी दुसऱ्या दिवशी मी तिथे जादा माणूस उभा केला आहे. कोणा एकीवर कारवाई त्यानं होणार नाही, पण पुढचा पेपर नीट होईल. नाव द्यायची हिंमत नसेल तर एवढं तरी करा.

आणि तक्रार केली म्हणून कोणी धमकावत असेल, सीनिअर मुलं अडवत असतील, तर ते सहन करू नका. हा प्रकार रॅगिंगमध्ये मोडू शकतो. देशपातळीवरची रॅगिंगविरोधी हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ आहे, आणि जीवाला धोका वाटला तर ११२.

सांगितल्यावर पुढे तिचं काय होतं?

पेपर चालू असताना सापडली तर साधारणपणे साहित्य आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतात, तिचा जबाब लिहून घेतात आणि उरलेल्या वेळासाठी नवी उत्तरपत्रिका देतात. पुढे प्रकरण गैरप्रकार चौकशी समितीकडे जातं. तिथे तिला नोटीस येते, खुलासा मागतात, समोर बोलावून म्हणणं ऐकतात. शिक्षा कुणाच्या मनाला येईल तशी होत नाही, त्यासाठी शिक्षासूची ठरलेली असते. एका विषयाची संपादणूक, म्हणजे त्यातले मार्क, रद्द होण्यापासून पूर्ण परीक्षेची संपादणूक रद्द होणं आणि पुढच्या परीक्षांना बसायला बंदी, इथपर्यंत पायऱ्या आहेत. नुसती चिठ्ठी जवळ सापडणं आणि आपल्या जागी दुसऱ्याला बसवणं यांना एकच शिक्षा नसते.

म्हणजे तुमचा अर्ज हा निकाल नाही. तुम्ही एक गोष्ट दाखवून दिली, बाकीचं ठरवायला पाच माणसं बसलेली असतात आणि तिलाही तिथे तोंड असतं.

त्याच्या घरची परिस्थिती फार वाईट आहे. माझ्यामुळे त्याचं वर्ष गेलं तर?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाबद्दल मला नेहमी आदर वाटतो, आणि याचं झटकन उत्तर देता येत नाही.

त्याचे वडील ऊसतोडीला जातात, बहिणीचं लग्न अंगावर आहे, एटीकेटी लागली तर शिक्षण सुटेल, हे सगळं खरं असतं. पण त्याच हॉलमध्ये, दोन बाकं सोडून, तशाच घरातला दुसरा मुलगाही बसलेला असतो. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू झाली आणि पुढे साताऱ्यात रुजली. कर्मवीरांनी घालून दिलेल्या 'कमवा आणि शिका'मधून या गावात कितीतरी पिढ्या शिकल्या. आजही मुलं सकाळी बागेत, ग्रंथालयात, ऑफिसात तासाच्या हिशेबानं काम करतात आणि मग वर्गात येतात. असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. नखांत माती अडकलेली असायची, म्हणून पेपर लिहिताना तो बोटं आत वळवून पेन धरायचा. त्याला ५२ पडले. शेजारच्याला चिठ्ठीवर ६८. एम. कॉम.च्या प्रवेशाची यादी मार्कांवर लागते, परिस्थितीवर लागत नाही. परिस्थितीचा विचार करायचा तर दोघांच्याही करा.

वर्ष जातं ते कॉपीमुळे जातं, तुमच्या अर्जामुळे जात नाही. हे वाक्य मी मुलांना सांगते आणि त्यांना ते पटत नाही, हेही मला दिसतं. मग एवढंच म्हणते: तक्रार केल्यावर त्याला टाकू नका. मदतीची रक्कम, शिष्यवृत्ती, फीची सवलत यासाठी आमच्याकडे या. त्याच्या मनाचं काही बरंवाईट होईल अशी शंका आली तर थांबू नका, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

तिनं माझ्याच पेपरात बघून लिहिलं. मी दाखवला. आता मीच तक्रार करू का?

दाखवणाऱ्यावरही कारवाई होते, हे आधी जाणून घ्या. पण भिऊन गप्प बसू नका. पेपर तपासताना दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक एकाच जागी दिसली की परीक्षक दोन्ही बाजूला काढतो. अकाउंट्समध्ये तर बेरजेतली चूकही तशीच उतरते. तेव्हा बोलण्यापेक्षा आधी स्वतःहून येऊन 'मी दाखवला, दबावाखाली दाखवला' किंवा 'मैत्रीखातर दाखवला' जे असेल ते सांगणं बरं. पुढच्या पेपरला जागा बदलून मागा, बहुतेक केंद्रसंचालक देतात.

सुपरव्हायझरच उत्तरं सांगत होते. मग कुणाला सांगायचं?

इथे मात्र माझं म्हणणं एकदम बदलतं. आधी मैत्रिणीशी बोला, समजावा, हे सगळं एकट्या-दुकट्या मुलासाठी होतं. मोठी माणसं, पैसे किंवा टोळी यात असेल तर समजावत बसू नका, तक्रार करा आणि केंद्राच्या बाहेर करा.

यासाठी आपल्याकडे १९८२ पासून कायदा आहे. विद्यापीठ, मंडळ आणि इतर ठरावीक परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्याचा महाराष्ट्राचा कायदा तो हाच. दहावी-बारावीला राज्य मंडळ कॉपीमुक्त अभियान चालवतं, भरारी पथकं आणि बैठी पथकं असतात, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेत बंद ठेवतात. तरी फळ्यावर उत्तरं लिहिली जातात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. अशा ठिकाणी मुलगा अल्पवयीन असेल तर तक्रार पालकांनी द्यावी. शिक्षणाधिकाऱ्यांना आणि विभागीय मंडळाला एकाच वेळी लेखी द्यावी, म्हणजे एका टेबलावर दाबली जात नाही.

सामूहिक कॉपीत सुक्याबरोबर ओलंही जळतं. केंद्रावर कारवाई झाली तर न करणारी मुलंही भरडली जातात. त्यामुळे 'सगळेच करतात, मग मी कशाला बोलू' हा हिशेब सर्वांत जास्त प्रामाणिक मुलाच्या अंगावर येतो.

कॉलेजच मूल्यमापनात गडबड करत असेल आणि तक्रार ऐकत नसेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते.

व्हॉट्सॲपवर पेपर आलाय. खरा आहे की खोटा कळत नाही.

पुढे पाठवू नका. 'खरा आहे का रे?' असं विचारायलाही पाठवू नका, कारण त्या क्षणी तुम्ही साखळीतली कडी होता. कुणाकडून, किती वाजता आला ते कागदावर लिहा, मेसेज पुसू नका, आणि प्राचार्यांना किंवा पोलिसांना दाखवा. पेपर सुरू होण्याआधी दाखवलात तर त्या माहितीला सोन्याची किंमत आहे.

स्पर्धा परीक्षेला डमी बसवलाय असं अभ्यासिकेत सगळे म्हणतात.

'सगळे म्हणतात' यावर अर्ज लिहू नका. पण 'मी पाहिलं' किंवा 'माझ्याकडे पैसे मागितले' असेल तर एक दिवसही थांबू नका. शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रकरण आठवा. २०१९-२० च्या त्या परीक्षेत ७,८८० उमेदवार गैरप्रकारात सापडले, आणि ते उघडकीला आलं डिसेंबर २०२१ मध्ये. तोपर्यंत काही जण वर्गावर उभे राहून पगारही घेत होते. त्या काळात डी. एड., बी. एड. करून घरी बसलेल्या मुलामुलींची वर्षं कोण भरून देणार?

केंद्र सरकारच्या परीक्षांसाठी २१ जून २०२४ पासून सार्वजनिक परीक्षांचा नवा कायदा लागू झाला. पेपर फोडणाऱ्याला, उत्तरपत्रिकेत फेरफार करणाऱ्याला तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, संघटित गुन्हा असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड. त्याचा रोख टोळ्यांवर आहे. साध्या परीक्षार्थीवर कारवाई होते ती त्या त्या परीक्षा संस्थेच्या नियमांनी.

जर्नल उतरवणं, असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेणं, हेही सांगायचं का?

याची तक्रार घेऊन कोणी आलं तर मी आधी शिक्षकाशी बोलते. जर्नल उतरवून चालतं असं वातावरण आम्हीच केलेलं आहे. तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले की कोणी काय लिहिलंय ते कळतं. पीएच.डी. आणि प्रबंधाची गोष्ट वेगळी, तिथे वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियम आहेत आणि साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की शिक्षेच्या पायऱ्या सुरू होतात.

माझी शंका चुकीची निघाली तर?

म्हणून तर 'मी पाहिलं' आणि 'मला वाटलं' वेगळं लिहायचं. एका मुलाची तक्रार आली होती की तो सारखा मनगटाकडे बघून लिहितो. वरिष्ठ पर्यवेक्षकांनी जाऊन पाहिलं तर मनगटावर सलाईनची सुई काढल्यावरची पट्टी होती आणि ती दुखत होती. तक्रार करणाऱ्या मुलीनं 'तो मनगटाकडे बघतो आहे' एवढंच सांगितलं होतं, कॉपी हा शब्द वापरला नव्हता. त्यामुळे कुणाचंच काही बिघडलं नाही. त्या मुलाला तर काही कळलंही नाही.

भांडण काढायला केलेली खोटी तक्रार मात्र उलटते, आणि उलटावीच.

मुलगी घरी येऊन रडत हे सांगते. पालक म्हणून आम्ही काय करावं?

"तुला काय करायचंय, तू तुझं बघ," हे वाक्य गिळा. तिनं तुम्हाला विचारलं म्हणजे तिचा अर्धा निर्णय झालेला असतो. तिच्याकडून जे घडलं ते त्याच रात्री लिहून घ्या, सकाळी आठवण बदललेली असते. कॉलेजला यायचं तर तिच्याबरोबर या, तिच्याऐवजी नको. आणि त्या दुसऱ्या मुलीच्या घरी फोन करू नका.

तक्रार झाली, त्याचं एक सत्र गेलं. आता तो समोर आला तर काय बोलू?

तो रूम पार्टनर, ज्याचं 'नको रे' तोंडातच राहिलं, त्यानं मला हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारला होता: "मी आधी बोललो नाही, आता कोणत्या तोंडानं बोलू?"

पुढच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी पोवई नाक्यावरून घरी निघाले होते. चहाच्या गाड्यापाशी दोघं उभे होते. एकाच्या हातात माझ्याच विषयाची वही होती, दुसरा तिच्यातलं काहीतरी बोटानं दाखवत होता. मला बघून वही मिटायला लागले, मी म्हटलं, "चालू द्या." गणित घसाऱ्याचं होतं. पहिल्याच ओळीत टक्केवारी चुकली होती, ती तेवढी दाखवली आणि पुढे निघाले.